जानूभाऊंचं गाव आणि आमचं तळं

पोलंड हा देश मला शाळेच्या नकाशात सापडला, त्याच्या कितीतरी आधी तिथला एक माणूस आमच्या ओसरीवर बसून मरळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवून गेला होता. त्याचं नाव यानूश. वसंतकाकांनी ते कारखान्यातल्या कागदावर इंग्रजीत वाचलं तेव्हा त्याचं 'जानुस' झालं, आणि आईच्या तोंडी आलं तेव्हा 'जानूभाऊ'. आळीत मात्र त्याला सगळे पोलंडवालाच म्हणत. आजही म्हणतात. "पोलंडवाल्यानं तळं मारलं," हे वाक्य आमच्याकडे ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही अशी पोरंसुद्धा सहज बोलून जातात. ते वाक्य कसं तयार झालं हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. आता मी उरले. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं घर कुंभवलीच्या बाजूला, तळ्याच्या काठावर होतं. ओसरीच्या पुढे अंगण, अंगणापुढे पानवेलींची वाडी, आणि वाडी संपली की पाणी. कारखान्यांची वसाहत तेव्हा नुकती भरू लागली होती. बोईसर स्टेशनाकडून लोखंडाचे मोठमोठे सांगाडे लादलेले ट्रक येत, आणि वारा फिरला की आई वाळत घातलेले कपडे आधी हुंगून मग घडी घालायची. आमची भातजमीन वसाहतीत गेली होती, मी अगदी लहान असताना. उरली होती ती वाडी आणि तळं. तळं सगळ्या आळीचं, पण राखण दादांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. त्यांना त्याबद्दल कुणी काही देत नसे आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. वैशाखात पाणी खाली गेलं की सगळे मिळून मासे धरायचे आणि दादा केळीच्या पानांवर वाटे घालायचे. एकट्या म्हातारीलाही भरल्या घराइतकाच वाटा. वाट्यांवरून कधी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. पहाटे रहाट सुरू व्हायचा. त्याची ती लांबलचक कुरकुर, मध्येच बैल थांबला की पडणारी शांतता, आणि पाटातून वेलींकडे धावणाऱ्या पाण्याचा आवाज. या तीन आवाजांवर आमचं घर जागं व्हायचं. पानवेल फार नाजूक. तिला ऊन सोसत नाही, साचलेलं पाणी सोसत नाही, कुणी चपला घालून वाडीत शिरलेलं दादांना सोसत नसे.

वसंतकाका दादांचे धाकटे भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा काका अजून पाटी घेऊन शाळेत जात होते. दादांनी आपली शाळा सोडली आणि त्यांना शिकवलं. आळीतून मॅट्रिक झालेले पहिले ते काकाच. एक कारखाना उभा राहत होता, त्यात ते हेल्पर म्हणून लागले होते. नोकरी कच्ची होती, पण इंग्रजी येत असल्यामुळे परदेशी यंत्र बसवायला आलेल्या माणसाबरोबर त्यांना दुभाषा म्हणून फिरवत. दादा स्वतःच्या कामाबद्दल कधी बोलत नसत, पण आल्यागेल्याला सांगायचे, "आमचा वसंत साहेबाशी इंग्लिश बोलतो." बोलताना त्यांचा हात नकळत मिशीकडे जायचा.

तो साहेब म्हणजे जानूभाऊ. एका रविवारी काका त्यांना आमच्या तळ्यावर घेऊन आले, कारण बोईसरच्या गेस्ट हाउसात त्यांना करमत नव्हतं आणि त्यांच्या सामानात गळाची काठी होती. उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले, उन्हानं मान लालभडक झालेली. वाडीच्या तोंडाशी आले आणि कुणी न सांगता त्यांनी बूट काढले. दादांनी ते पाहिलं. तेवढ्यानं काम झालं. तिन्हीसांजेपर्यंत त्यांना एकही मासा लागला नाही, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. दादांनी मग आपल्या जाळ्यातली एक मरळ काढून आईकडे दिली. आईनं कालवण केलं. जानूभाऊ तिखटानं चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल होऊन, नाक पुशीत, शेवटची भाकरी वाटीत फिरवून जेवले.

त्यानंतर वर्षभर रविवार त्यांचा झाला. कारखान्यातल्या कामगारांकडून ते हिंदी शिकले होते, आणि तिला व्याकरण नव्हतं, पण गोष्ट सांगायला ती पुरत होती. अडलं तर इंग्रजीत बोलायचे आणि काका आम्हाला सांगायचे. गोष्ट एकच असायची, त्यांच्या गावाची. गिझित्स्को. आमच्या तोंडात त्याचं 'गिजिस्को' झालं. दोन मोठ्या तळ्यांच्या मधोमध वसलेलं गाव, इतकी मोठी तळी की पलीकडचा काठ धुरकट दिसतो. दोन तळी जोडणारा कालवा गावातून जातो, आणि त्या कालव्यावरचा पूल वर उचलला जात नाही तर दाराच्या फळीसारखा बाजूला वळतो. एक माणूस येतो, खाचेत दांडा घालतो, गोल गोल फिरत चालत राहतो आणि अख्खा पूल काठाला लागतो. मग बोटी जातात. दादांना हे पटकन पटलं, कारण आमचा बैल रहाटाला तसाच फिरायचा. पटलं नाही ते पुढचं. थंडीत तळं गोठतं आणि माणसं त्यावरून चालत जातात, भोक पाडून मासे धरतात, हे ऐकल्यावर दादा काकांना म्हणाले, "नीट इचार. पाण्यावरून चालतात म्हणतोय का पाण्याच्या कडेनं?" जानूभाऊंनी जमिनीवर पाय आपटून दाखवला. इतकं जाड. आणि रात्री ते बर्फ ताणलं जातं तेव्हा त्याचा आवाज होतो, म्हणाले, आणि तो आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला. लांबून कुणीतरी भलीमोठी तार छेडावी तसा. आमच्या वैशाखाच्या उन्हात, ओसरीवर, तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

हळूहळू त्या गावाची दुसरी बाजूही त्यांच्या बोलण्यात येऊ लागली. ते गाव त्यांचं नव्हतंच. लढाईच्या आधी तिथं जर्मन माणसं राहायची, गावाचं नावही वेगळं होतं. तळ्यांच्या बेचक्यात जर्मनांच्याच राजानं बांधलेला मोठा विटांचा किल्ला आहे, पाण्याची उंच टाकी आहे, आणि कबरस्तानातले दगड अजून जुन्याच भाषेत बोलतात. लढाई संपली तेव्हा ती माणसं निघून गेली किंवा त्यांना हाकललं, आणि पूर्वेकडे ज्यांची स्वतःची घरं गेली होती त्या पोलिश कुटुंबांना तिथं आणून सोडलं. जानूभाऊ तेव्हा लहान होते. गुरांच्या डब्यातून किती दिवस प्रवास झाला ते त्यांना आठवत नव्हतं, पण पोहोचल्यावरचं आठवत होतं. त्यांना जे घर मिळालं त्याच्या फडताळात कुणाच्या तरी बश्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या घरातल्या मुलांची उंची मोजलेल्या. त्यांची आई पहिला हिवाळाभर त्या बश्यांत जेवली नाही. डब्याच्या झाकणात जेवली. बागेत झाड लावायलाही तयार नव्हती, कारण ते लोक परत येतील आणि आपल्याला उठावं लागेल. शेजारी एक जर्मन म्हातारी मागं राहिली होती. तिनंच त्यांच्या आईला दाखवलं की विहिरीचं झाकण कसं उघडतं आणि तळ्यात मासे कुठल्या कोपऱ्यात मिळतात.

आईनं विचारलं, "मग ती म्हातारी बोलत नाय का, माज्या लोकांची घरं घेतली म्हणून?"

जानूभाऊ म्हणाले की ती एवढंच म्हणायची, तळं कुणालाच ओळखत नाही, जो काठावर राहील त्यानं त्याला जपावं. त्यांच्या गावात सगळेच कुठून कुठून आलेले, कुणाचा आजोबा तिथं पुरलेला नाही, म्हणून तिथली माणसं आधी फार बोलत नाहीत. पण एकदा बोलायला लागली की तळ्याबद्दलच बोलतात. ते एकच सगळ्यांचं मिळून असतं. दादांनी ते ऐकून मान हलवली. आमची भातजमीन गेल्यापासून दादांना कुणाच्या बोलण्यावर अशी मान हलवताना मी पाहिलं नव्हतं.

यंत्र बसत आलं तेव्हा नळाची गोष्ट निघाली. कारखान्याचं पाणी बाहेर न्यायचं होतं, आणि सगळ्यात जवळची वाट म्हणजे आमच्या वाडीच्या कडेनं तळ्याच्या ओहोळात. आळीची संमती हवी होती. लोक दादांकडे आले. दादा म्हणाले, आपल्या घरात जाणता माणूस येतो, त्यालाच विचारू. त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आळीतली चार मोठी माणसं ओसरीवर बसली. मी पाण्याचे तांबे आणून ठेवीत होते. दादांनी काकांना सांगितलं, "इचार त्याला. हे पाणी तळ्यात आलं तर तळ्याला काय व्हल?"

त्या दिवशी जानूभाऊ हिंदीत बोलले नाहीत. विषय मोठा होता, त्यांना आपल्या हिंदीचा भरवसा वाटला नसावा. ते इंग्रजीत बोलले, सावकाश, हातानं चौकोन काढून दाखवत. मी नुकतीच आठवीत गेले होते आणि माझ्या इंग्रजीला एकेक शब्द लागायचा. त्यातला एक शब्द मला ओळखीचा लागला, 'लाइम'. मनात आलं, यंत्राच्या पाण्याला लिंबू कशाला हवं. त्यांचं बोलून झालं, त्यांनी काकांकडे पाहिलं; आमची मराठी त्यांना कळत नसे. काका म्हणाले, "दादा, तो बोलतो का टाक्या बांधून पाणी धुऊन सोडणार हायत. तळ्याला काय होणार नाय."

"नक्की?"

"नक्की. तोच यंत्र बसवणारा, त्याला नाय कळणार?"

दादांनी जानूभाऊंपुढे हात जोडले. जानूभाऊंनीही जोडले, पण ते थोडे गोंधळलेले दिसले, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं होतं की नाही, कोण जाणे. चार दिवसांत आळीनं होकार कळवला. पुढच्या रविवारी जानूभाऊ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काका म्हणाले, काम संपलं, साहेब मुंबईला गेला आणि तिथून विमानानं घरी. आईनं त्यांच्यासाठी कंदमुळं घालून करायच्या उकडहंडीचं सामान काढून ठेवलं होतं. "सांगून पण गेला नाय," ती म्हणाली, आणि कोनफळं परत टोपलीत टाकली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी पाण्याला तांबूस रंग आला. आधी पोयणी, पाण्यावरची कमळं, गेल्या. मग एका सकाळी रहाट सुरू झाला आणि लगेच थांबला. दादा बैलाला हाकारत नव्हते, म्हणून आई बाहेर गेली आणि तिच्या मागं मी. मासे पोट वर करून काठाला लागले होते, लहान मोठे, मरळीसुद्धा, जी मरळ चिखलात आठवडाभर जगते. दादा गुडघाभर पाण्यात उभे होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर पुरळ उठलं होतं. त्या वैशाखात वाटे पडले नाहीत. पानवेली खालून पिवळ्या पडत गेल्या, आणि दिवाळीपर्यंत वाडीत नुसते आधाराचे खांब उरले. लोक कारखान्यावर गेले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की संमती तुमचीच होती. टाक्या कुठं आहेत, असं दादांनी विचारलं तर कारकुनानं उलट विचारलं, कसल्या टाक्या?

दादांनी वसंतकाकांना बोल लावला नाही. एकदाही नाही. त्यांचा सगळा राग त्या परक्या माणसावर गेला. माझ्या अन्नाला जागला नाही, म्हणायचे. पायताण काढून वाडीत आला म्हणून मी त्याला माणूस समजलो. आळीतही तेच झालं. सुरुवातीला 'कारखान्याचं पाणी' म्हणणारी माणसं हळूहळू 'पोलंडवाल्याचं पाणी' म्हणू लागली. कारखान्यात आपलीच पोरं कामाला लागली होती, त्याला शिव्या घालणं अवघड होतं. पोलंडला शिव्या घालणं सोपं होतं. आणि मी? मी ज्या गावावर जीव लावला होता, ज्याचा वळणारा पूल मी वहीच्या मागच्या पानावर काढला होता, त्या गावातलं सगळंच मला खोटं वाटायला लागलं. पूल खोटा, बर्फ खोटं, डब्याच्या झाकणात जेवणारी आई खोटी. फसवणुकीचं मला तेव्हा सर्वांत जास्त लागलं ते हेच, की त्यानं मागं जाऊन सगळे रविवार नासवले.

काकांची नोकरी पक्की झाली. ते सुपरवायझर झाले, घर त्यांच्या पगारावर चालू लागलं. दादा उरलेल्या जमिनीत चिकू लावून बसले. मला पुढं शिकवायचं काकांनीच ठरवलं आणि शिकवलंही. मी बी.ए. झाले, पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तिथंच खोली घेतली आणि सुट्टीला घरी येत राहिले.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत जानूभाऊ परत आले. मधे बरीच वर्षं गेली होती. त्यांच्या देशातलं सरकार बदललं होतं, आमच्याकडे रस्ते रुंद झाले होते. जुनं यंत्र दुरुस्त करायला कुणीतरी त्यांना पुन्हा बोलावलं होतं. कंपनीची गाडी दूर रस्त्यावर उभी करून ते चालत आले. केस सगळे पांढरे. अंगणाच्या तोंडाशी थांबून त्यांनी तळ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग ओसरीपुढे येऊन हात जोडले. "नमस्ते दादा." दादा चिकू निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि हातातला चिकू टोपलीत ठेवला. आई आतून तांब्या घेऊन दारापर्यंत आली होती.

"विमल," दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "याला सांग, या घरात पाणी मिळत नाय."

आई दारातच थांबली. मला ते सांगायची गरज पडली नाही. त्यांना समजलं. ते वळले आणि आले तसे निघून गेले. आमच्या घरातून कुणी तहानलेलं गेल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मी त्यांच्या मागं गेले. कशासाठी, ते तेव्हा नीट कळत नव्हतं. बहुतेक भांडायला. आता माझ्याकडे पुरेसं इंग्रजी होतं आणि ते मला एकदा त्यांच्यावर वापरायचं होतं. रस्त्याला लागण्याआधी मी त्यांना गाठलं आणि विचारलं की तुम्ही आमच्या ओसरीवर बसून पाणी स्वच्छ राहील असं का सांगितलंत.

ते थांबले. "असं कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणालात. आम्ही सगळे होतो."

त्यांनी मला नीट पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून घराकडे. आणि पूर्वीसारखंच सावकाश, हातानं चौकोन काढत म्हणाले, "मी म्हणालो होतो की चुन्याच्या दोन टाक्या बांधल्याशिवाय हे पाणी तळ्यात सोडता येत नाही. मालक टाक्या बांधणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही जागा देऊ नका. हे मी तुझ्या वडिलांना सांगितलं. त्यांनी हात जोडले."

लाइम म्हणजे चुना. इतकी वर्षं मी वर्गात मुलांना शब्दांचे दोन दोन अर्थ शिकवत होते आणि हा एक शब्द मी कधी वळून पाहिला नव्हता. मी तिथं रस्त्याच्या कडेला उभी होते आणि मला काकांचा आवाज ऐकू येत होता, 'तळ्याला काय होणार नाय'. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. मग म्हणाले की होकार गेल्याचं कळलं तेव्हा ते मालकाशी भांडले, आणि त्यांना आठवड्याच्या आत परत पाठवलं गेलं. आमच्याकडे निरोप घ्यायला ते मुद्दाम आले नाहीत. त्यांना वाटलं, दादांनी तळं विकलं. सगळं समजून उमजून विकलं. "माझ्या गावात मी तसंच सांगत आलो," ते म्हणाले. "की तिथं एक भला माणूस होता, आणि त्यानं आपलं तळं विकलं."

मी त्यांना परत चला म्हटलं, आत्ताच्या आत्ता. त्यांनी नकाराची मान हलवली. माझ्या तोंडून हे बरं नाही, म्हणाले, हे घरातलं आहे. उद्या दुपारपर्यंत ते बोईसरच्या गेस्ट हाउसात असणार होते.

काका परसात नळी धरून अबोलीला पाणी घालत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी आधी म्हटलं की साहेबाचं इंग्रजी तोडकं होतं, पुरतं कळलं नव्हतं. नळीचं पाणी एकाच जागी पडून चिखल होत होता.

"कळलं होतं," ते म्हणाले. "शेठनं आदल्या दिवशी बोलवून सांगितलं होतं, गावाचा होकार आण, तुला पक्का करतो. मना वाटलं थोडं पाणी असंल. पावसात वाहून जाईल. तळं मरंल असं नव्हतं वाटलं, विमल." थोड्या वेळानं, नळी बंद करून, त्यांनी जोडलं, "आणि नाय म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या शेतातून नळ आणला असता. तुजं कॉलेज मात्र झालं नसतं." ते खोटं नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि ज्या शिक्षणाच्या बळावर ओरडावं ते त्यांनीच दिलं होतं. दादाला सांगणार का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी थांबवलं नाही.

सकाळी दादा चिकूच्या झाडाखाली पाचोळा ओढत होते. मी त्यांना बसायला लावलं आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता. मला वाटत होतं की मी त्यांच्याकडे काहीतरी घेऊन आले आहे. की ज्या माणसाला त्यांनी जीव लावला तो खोटा नव्हता, हे ऐकून त्यांचं काहीतरी परत मिळेल. त्यांनी दोनदा विचारलं, वसंत स्वतः बोलला काय. मी दोनदा हो म्हटलं. मग ते हातातल्या काठीनं पाचोळा एका जागेवरून दुसरीकडे सारत राहिले.

"दादा, ते दुपारपर्यंत आहेत. रिक्षा आणते. आपण जाऊन येऊ."

"जाऊन काय सांगू? माजा भाव खोटा बोलला, असं परक्याला सांगू?"

"त्यांना कळलंय ते."

"त्याला कळलं ते कळलं. आळीत नको कळाय." ते उठले. पाठ ताठ करायला त्यांना आता वेळ लागायचा. "तो त्याच्या देशात हाय. हितं कोण त्याला काय बोलतं ते त्याच्या कानावर जातं काय? वसंताला हितंच राहायचं हाय. या लोकांत." मी काही बोलणार, त्याआधी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू पण बोलायचं नाय कुणाला. मी हाय तवर तरी नाय."

काकांनी खोटं सांगितलं तेव्हा दादांना ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं, आणि तेच खोटं त्यांनी स्वतः उचलून आपल्या हातानं पुन्हा जागेवर ठेवलं, माझ्यासमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून. त्या घरातल्या दोन माणसांनी मला जग शिकवलं होतं. एका दिवसाच्या आत दोघंही माझ्या हातून गेले.

दादा त्यानंतर बरीच वर्षं होते. काका त्यांच्याही मागं काही वर्षं. काका गेले तेव्हा शोकसभेत एकानं त्यांच्याबद्दल चांगलं बोलून झाल्यावर सांगितलं की परदेशी माणसानं गावाला फसवलं तरी वसंतभाऊंनी कारखान्यात आपल्या किती पोरांना चिकटवलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. तळ्याचा निम्मा भाग आता भरावात गेला आहे, तिथं ट्रक उभे राहतात. मध्यंतरी माझ्या भाचीनं फोनवर मला तो पूल दाखवला. खरोखर एक माणूस दांडा घेऊन गोल फिरतो आणि पूल काठाला लागतो. मी तिला तो तीनदा लावायला सांगितला. जानूभाऊ असतील की नाही, माहीत नाही. असले तर त्यांच्या गावात त्यांनी आमची गोष्ट दुरुस्त करून सांगितली असेल. आमच्याकडे त्यांची कुणी केली नाही.

दादांना सगळं सांगितलं त्या दिवशी दुपारी मात्र मला वाटत होतं, दादा निदान काकांशी बोलणार नाहीत. निदान ताट वेगळं मांडतील. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघत होते. बाराचा भोंगा झाला. दादा हातपाय धुऊन आले आणि रोजच्या पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा होता. काका परसाच्या दारात उभे होते, आत यायची त्यांना हिंमत होत नव्हती. आई भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला समजलं होतं. दादांनी भातावर कालवण ओतलं, पहिला घास घेतला आणि मान वर न करता हाक मारली, "वसंत, ये. थंड होतंय." काका आले, पाटावर बसले, खाली मान घालून. त्यांच्यापुढे ताट नव्हतं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "विमल, काकाला वाढ."

मी ताट घेतलं आणि वाढलं.